घाम मोजायचा की ताकद?

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही पनवेलजवळच्या कोन गावातील एका शाळेत गेलो होतो. पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने निघाले की जिथून सावळ्याकडे जाणारा रस्ता फुटतो, ते हे गाव. आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत, पण रायगड जिल्ह्यातल्या इतर गावांसारखा कबड्डीचा नाद काही सुटलेला नाही. नववीच्या वर्गात बल आणि गती यांविषयी बोलताना आम्ही चढाईचे उदाहरण घेतले, आणि मुले एकदम जागी झाली. तास संपल्यावर ती आम्हाला आग्रहाने शाळेमागच्या मोकळ्या शेतात घेऊन गेली.

तिथे एक जुना टायर होता. त्याला दोर, आणि दोराचे दुसरे टोक कमरेला. टायर ओढत धावायचे, दम संपेपर्यंत. मग एका पायावर उभे राहून मित्राने फेकलेला चेंडू झेलायचा. मग पुन्हा टायर. "हे कुणी शिकवलं?" असे विचारल्यावर एकाने मोबाइल पुढे केला. त्यात एका व्यावसायिक कबड्डीपटूच्या जिममधल्या व्यायामाची मिनिटभराची चित्रफीत होती.

एक मुलगा मात्र बाजूला बसून होता. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी त्याला टेंगूळ आले होते. उकिडवे बसताना दुखायचे. दोन महिने तो तसाच सराव करत होता, कारण कुणा मोठ्याने त्याला सांगितले होते की दुखणे ही ताकद वाढत असल्याची खूण आहे.

त्या दिवसानंतर आम्ही अशा कितीतरी चित्रफिती पाहिल्या. कबड्डीपटूंच्या, क्रिकेटपटूंच्या, धावपटूंच्या. पुस्तकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, पाठ्यपुस्तकाचे तर व्हायलाच हवे असे आपण म्हणतो. मग आपली मुले ज्यातून रोज व्यायाम शिकतात, त्या चित्रफितींचे परीक्षण का होऊ नये?

आधी त्यांच्या बाजूने बोलू. आपल्याकडे बरीच वर्षे असा समज होता की वजने उचलली की खेळाडूचे अंग आखडते आणि तो मंद होतो. तो चुकीचा होता. आज जवळजवळ प्रत्येक खेळातला व्यावसायिक खेळाडू खेळाच्या सरावाखेरीज जिममध्ये वेगळा व्यायाम करतो, लांब पल्ल्याचा धावपटूसुद्धा. 'लहानपणी वजन उचलले की उंची खुंटते' हाही असाच एक समज. योग्य देखरेखीखाली, झेपेल इतक्या वजनाने केलेला व्यायाम वाढत्या मुलांना अपायकारक नसतो, असे आता तज्ज्ञ मानतात. मुली लोखंडी दांडा खांद्यावर घेऊन बैठका मारताना दिसतात, हेही या चित्रफितींमुळेच घरोघरी पोचले. एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप असा, की या चित्रफिती घामालाच फळ समजतात. याचा नमुना मोठ्या पडद्यावरही आहे. 'भाग मिल्खा भाग' या २०१३ सालच्या चित्रपटात नायक टायर ओढत धावतो आणि घामाने भिजलेली बनियन पिळून भांड्यात घाम जमा करतो. चित्रपट म्हणून दृश्य परिणामकारक आहे. विज्ञान म्हणून? घाम ही शरीर थंड ठेवण्याची सोय आहे. एक लिटर घामाची त्वचेवर वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. पण वाफ झाली तरच! निथळून भांड्यात पडलेला घाम जवळजवळ काहीच थंडावा देत नाही. कोनसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, निथळतो. तोच व्यायाम डिसेंबरमध्ये पुण्यात केला तर कितीतरी कमी घाम दिसेल. म्हणून काय व्यायाम कमी झाला? घामाने हवेतली आर्द्रता कळेल, व्यायाम लागू पडला की नाही ते कळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. या चित्रफितींत खेळाची नक्कल म्हणजेच खेळासाठीचा व्यायाम असे मानलेले दिसते. कमरेला रबरी पट्टा बांधून चढाईची पावले टाकायची, हातात वजन घेऊन गोलंदाजीचा हात फिरवायचा, डुगडुगत्या अर्ध्या चेंडूवर उभे राहून बैठक मारायची. पाहणाऱ्याला वाटते, किती हुशारीचा व्यायाम! पण डुगडुगत्या पृष्ठभागावर उभे राहिले की स्नायूंची बरीच शक्ती तोल सावरण्यात जाते आणि जमिनीवर पुरेसे बल लावताच येत नाही. दुखापतीनंतर तोल परत मिळवायला त्याचा उपयोग होतो, पायांत ताकद आणायला फारसा नाही. आणि हातात वजन घेऊन गोलंदाजी केली तर हाताची लय बदलते. म्हणजे ताकद धड वाढत नाही आणि कौशल्य मात्र बिघडते.

मग खरी पद्धत कोणती? खेळाची नक्कल करायची नाही, खेळाची गरज शोधायची. कबड्डीचेच पाहू. चढाई ३० सेकंदांची. त्यातला बराच वेळ चढाईपटू संथ पावले टाकत अंदाज घेतो. मग क्षणार्धात झेप, स्पर्श, वळण, आणि घोट्याला किंवा मांडीला लटकलेल्या माणसांसह मध्यरेषेकडे धाव. यात लागते काय? वेगात असताना थांबण्याची ताकद, एका पायावर अंग तोलून दिशा बदलण्याची ताकद, आणि जमिनीला मागे रेटण्याची ताकद. कोपरारक्षकाला घोटा पकडून ठेवायला पंजा, पाठ आणि कंबर लागते. शिवाय वरिष्ठ पुरुषांच्या गटात वजनाची मर्यादा ८५ किलो आहे, म्हणजे नुसते अंग वाढवून चालणार नाही.

या गरजांना जिममध्ये मिळणारे उत्तर अगदी साधे असते. दांडा खांद्यावर घेऊन बैठका, जमिनीवरून वजन उचलणे, एका पायाने केलेले व्यायाम, लोंबकळून अंग वर ओढणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. भारी वजन, एका वेळी तीन ते पाच आवर्तने, मग दोन-तीन मिनिटे चक्क बसून राहणे. अशा व्यायामात सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्नायू फारसे जाड होत नाहीत, तरीही ताकद वाढते, कारण मेंदू आणि मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात. आणि चढाई? ती जिममध्ये नाही, मैदानावर शिकायची. जिमने इंजिन मोठे करायचे, गाडी हाकायला मैदानावरच शिकायचे.

मांडीच्या मागच्या स्नायूंचा एक व्यायाम तर अगदी बिनखर्चाचा आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे. दिसायला त्यात काहीच नाही. पण हा व्यायाम नेमाने करणाऱ्या खेळाडूंमध्ये त्या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष आहेत. आम्ही पाहिलेल्या चित्रफितींत तो एकदाच दिसला, तोही चार सेकंद.

नक्कल नको, गरज पाहा, हा विचार परदेशातून आला असे कुणी समजू नये. आपला मल्लखांब म्हणजे काय? बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे रूप दिले. नावातच मल्ल आहे, पण कुस्तीची हुबेहूब नक्कल तिथे नाही. खांब काही डाव टाकत नाही. तरीही एरंडेल तेल लावलेल्या त्या गुळगुळीत लाकडाला मांड्यांनी आवळून धरताना जी पकड, कंबरेची जी ताकद आणि उलटेसुलटे होण्याची जी सवय लागते, ती मल्लाला हवी असते. तालमीत आखाड्याची माती फावड्याने उकरणे हेही असेच. त्यात एकही डाव नाही, पण पाठ, खांदे आणि पंजा यांना काम आहे. गरज ओळखायची, तिच्यासाठी व्यायाम निवडायचा, आणि डाव मात्र मातीत उतरूनच शिकायचे, हे आपल्या वस्तादांना चांगले ठाऊक होते.

तिसरा आक्षेप जे दाखवले जात नाही त्याबद्दल आहे. मिनिटभराच्या चित्रफितीत सर्वांत कठीण आणि सर्वांत चमकदार क्षण निवडलेले असतात. त्यामागची वही दिसत नाही. कालच्यापेक्षा आज वजन किती वाढवले, कुठल्या आठवड्यात मुद्दाम कमी केले, सामने सुरू झाल्यावर काय वगळले, हे सारे त्या वहीत असते. १९४० च्या दशकात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांचे गुडघे बरे करताना वजन मोजूनमापून, टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत बसवली. आजच्या जिममधल्या शिस्तीचे मूळ तिथे आहे. ती पद्धत दुखापत झालेल्यांना पुन्हा उभे करण्यासाठी होती, पाडण्यासाठी नव्हे! आणि विश्रांती? व्यायामाने स्नायूंना फक्त मागणी कळते, बांधकाम नंतर एक-दोन दिवस चालते, तेही पुरेसे अन्न आणि झोप असेल तर. झोपलेल्या खेळाडूची चित्रफीत कोण पाहणार?

या आक्षेपांवर कुणी म्हणेल, मुलांना स्फूर्ती तर मिळते ना? मिळते. पण स्फूर्ती मिळालेल्या मुलाला दिशा दिली नाही तर तो शेतात टायर ओढत बसतो, आणि गुडघा धरून बाजूला होतो. त्याला तिथे एकटे सोडून आपण स्फूर्तीचे कौतुक करावे, हे आम्हाला पटत नाही.

शिक्षकांना इथे करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी जिम लागत नाही. एक प्रयोग सुचवतो. मुलाला भिंतीशेजारी उभे करा, बोटांना खडूची पूड लावा. हात वर करून टाचा न उचलता जिथे पोचतो तिथे एक खूण. आता गुडघे झटकन वाकवून लगेच उंच उडी, आणि वर दुसरी खूण. दोन्ही खुणांतले अंतर म्हणजे उडीची उंची. ती ३० सेंटिमीटर भरली, तर पाय जमीन सोडताना वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर होता, हे वर्गातल्या समीकरणाने निघते. मग त्याच मुलाला गुडघे वाकवून तीन सेकंद तसेच थांबायला सांगा आणि तिथून, आणखी न वाकता, उडी मारायला लावा.

बहुतेकांची दुसरी उडी काही सेंटिमीटरने कमी भरेल. स्नायू तेच, वजन तेच, मग फरक का? झटकन वाकताना खाली येणारे शरीर थोपवायला स्नायू आधीच जोर लावत असतात. त्यामुळे वर रेटायला सुरुवात होते तेव्हा बल मोठेच असते, आणि ताणलेल्या कंडराही थोडी ऊर्जा परत देतात. तीन सेकंद थांबले की हा फायदा बराचसा विरून जातो. स्नायूला पूर्ण बल उभारायला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा अधिक वेळ लागतो, तर पूर्ण वेगात धावणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकतो जेमतेम सेकंदाचा दहावा हिस्सा. म्हणूनच भारी वजनांबरोबर खेळाडू उड्या आणि वेगाचे व्यायामही करतात. 'ताकद' या एका शब्दात किती गोष्टी दडल्या आहेत, हे मुलांना एका खडूने कळेल.

पुढे हवे तर सहा आठवड्यांचा प्रयोग करा. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. एका गटाने आठवड्यातून दोनदा मोजक्या बैठका आणि उड्या कराव्यात, दुसऱ्याने नेहमीचेच खेळ खेळावेत. उडी मोजायची सुरुवातीला आणि शेवटी. ज्याला कुठेही दुखत असेल त्याने उड्या मारायच्या नाहीत, तर मापे घ्यायची. तेही विज्ञानच आहे. आणि प्रत्येकाने वही ठेवायची.

तो गुडघ्याचा मुलगा? वाढीच्या वयात, हाडाचे ते टोक अजून पक्के झालेले नसताना, मांडीचा स्नायू त्याला पुन्हा पुन्हा ओढतो आणि तिथे दुखू लागते. खेळणाऱ्या मुलांत हे पुष्कळदा आढळते आणि ताण कमी केला की बहुधा बरे होते. त्याला डॉक्टरांकडे न्यावे असे आम्ही त्याच्या शिक्षकांना सुचवले. निदान तेच निघाले. तो आता पुन्हा खेळतो, असे त्यांनी कळवले आहे. टायर मात्र त्याने सोडला, आणि उडीच्या खुणा तारखेनिशी वहीत लिहायला लागला आहे.

आपल्या शाळेत असे काही मोजले, तर आकड्यांसह आम्हाला जरूर कळवा. अपेक्षेपेक्षा उलटे आकडे आले असतील, तर आधी ते कळवा.