संमतिवयाचा वाद आणि मराठी उपरोध : आगरकरांच्या हास्याचे स्वरूप व मर्यादा

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा विचार करताना समाजसुधारणा आणि आरोग्य हे दोन विषय वेगळे ठेवण्याची अभ्यासकांची सवय आहे. बालविवाह, केशवपन, विधवाविवाह हे सामाजिक प्रश्न मानले जातात, तर प्लेग, देवी, पटकी हे आरोग्याचे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा मात्र या विभागणीत बसत नाही. हा कायदा लहान मुलींच्या शरीराविषयी होता, त्यामागे एका मुलीचा मृत्यू होता आणि त्याच्या बाजूने अर्ज करणाऱ्यांमध्ये डॉक्टर स्त्रिया होत्या. त्याच्या विरोधात मात्र जो संताप पुण्यात, मुंबईत आणि कलकत्त्यात उसळला त्यात शरीर हा शब्दच नव्हता. होता तो धर्म. या विसंगतीतूनच मराठीतील एका विशिष्ट प्रकारच्या उपरोधिक गद्याला धार आली. प्रस्तुत लेखात गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘सुधारक’मधील उपरोधाच्या आधारे त्या गद्याचे स्वरूप तपासले असून, संतप्त विरोधकांची टर उडवणे हे वाङ्मयीन आणि सामाजिक दृष्टीने कितपत परिणामकारक ठरते, हा प्रश्न मांडला आहे.

वादाची पार्श्वभूमी

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवय दहा वर्षे ठरवले होते. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या बळजबरीमुळे रक्तस्राव होऊन मरण पावली. पती हरी मैती याने वयाची तिशी ओलांडलेली होती. मुलीचे वय दहाच्या वर असल्याने बलात्काराचा आरोप कायद्याने टिकूच शकला नाही आणि त्याला केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून चालवलेल्या चळवळीला या घटनेने निराळेच बळ मिळाले. पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयांत पाहिलेली प्रकरणे नमूद करून सरकारकडे अर्ज केला. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते संमत होऊन संमतिवय बारा झाले.

वाढ केवळ दोन वर्षांची होती. त्यावर उठलेला गदारोळ मात्र दोन वर्षांच्या मानाने अवाढव्य होता. प्रथम रजोदर्शनानंतर ठरावीक मुदतीत गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, बारा वर्षांपूर्वी रजोदर्शन झाल्यास कायदा हा संस्कार रोखील आणि धर्म बुडेल, असा विरोधकांचा मुख्य युक्तिवाद होता. गर्भाधान पुढे ढकलणे शास्त्रविरुद्ध नाही, असे रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे दाखवले. टिळकांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाल्या, कालीघाटला महापूजा झाली आणि ‘बंगवासी’ पत्रावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. पुण्यात सुधारकांची क्रीडाभुवनातील सभा उधळली गेली.

उपरोधाचे कूळ

आगरकरांनी या गदारोळाचा जो समाचार घेतला त्याचा विचार करताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मराठी गद्यात टर उडवण्याचे शस्त्र प्रथम परजले गेले ते सुधारकांच्या विरोधात. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’त लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर जी टीका केली तिचा मुख्य गुण उपहास हाच होता. फुल्यांच्या मराठीची, त्यांच्या व्याकरणाची आणि अधिकाराची चेष्टा करून मूळ प्रश्न बाजूला सारण्याची रीत तेथे पक्की झाली. रंगभूमीवरही तेच घडले. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ स्त्रीशिक्षणाची खिल्ली उडवण्यासाठीच लिहिली गेली, आणि पुढे त्यांनीच ‘संमतिकायद्याचे नाटक’ लिहिले. सभ्य मराठी माणसाला सुधारकावर हसण्याची सवय आधीच लागलेली होती.

आगरकर याच शाळेतून आलेले होते. १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ चा ‘केसरी’ यांत ते चिपळूणकरांचे व टिळकांचे सहकारी होते. ‘केसरी’चे पहिले संपादकही तेच. मतभेद वाढल्यावर ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. गोपाळ कृष्ण गोखले त्याची इंग्रजी बाजू सांभाळीत. म्हणजे ज्या घरात हे शस्त्र घडले त्या घरातून ते उचलून आगरकरांनी त्याचे तोंड फिरवले, असे म्हणता येईल. त्यांच्या उपरोधाची लय, प्रश्नांची सरबत्ती आणि प्रतिपक्षाला मुद्दाम मोठेपणा देऊन खाली आणण्याची पद्धत यांवर ‘निबंधमाले’चा ठसा स्पष्ट आहे. फरक आहे तो हसण्याच्या विषयात. चिपळूणकर व्यक्तीला हसतात. आगरकर, निदान त्यांच्या चांगल्या लेखांत, युक्तिवादाला हसतात.

आगरकरांची रीत

आगरकरांच्या उपरोधाचा गाभा तर्कशास्त्रातील अनिष्टापत्तीत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे ते प्रथम गंभीरपणे मान्य करतात, मग त्याच मार्गाने त्याला पुढे चालवत नेतात आणि जेथे तो मार्ग संपतो तेथे वाचकाला उभे करतात. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ हे शीर्षकच या रीतीचा नमुना आहे. शहाणपण आणि मूर्खपणा ही दोन पदे ते शेजारी ठेवतात आणि निवाडा वाचकावर सोपवतात. प्रेतसंस्कारांवर असे लिहिणाऱ्या लेखकाची पुण्यातील विरोधकांनी त्याच्या हयातीतच प्रेतयात्रा काढली, ती त्याच्या घरावरून नेली. टीकाकाराला उत्तर देण्यासाठी त्याच विधीचा आश्रय घेणारा हा संताप उपरोधाच्या दृष्टीने स्वतःच स्वतःचे विडंबन होता. त्यावर लेखकाने वेगळे काही लिहिण्याची आवश्यकताही नव्हती.

संमतिवयाच्या वादात या रीतीला विशेष अनुकूल विषय मिळाला. धर्मरक्षणासाठी सभा भरवणाऱ्यांत शास्त्री होते तसे इंग्रजी विद्येत पारंगत झालेले पदवीधरही होते. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या माणसाने अकरा वर्षांच्या मुलीच्या गर्भाधानासाठी सभामंडपात मुठी आवळाव्या, ही विसंगती आगरकरांना सर्वांत जास्त बोचत होती. अडाणी माणसाविषयी ते सहसा कडवट होत नाहीत. त्यांचा रोख शिकून ढोंग करणाऱ्यावर आहे. याच कारणाने त्यांचे हसू मोकळे वाटत नाही. त्यात चीड आहे, आणि बहुतेक ठिकाणी चिडीखाली शोक आहे. निव्वळ विनोदी लेखकाला ज्या ठिकाणी कोटी सुचते त्या ठिकाणी आगरकरांचे वाक्य लांबत जाते आणि शेवटी हास्य ओसरून केवळ आरोप उरतो. काही समीक्षकांना हा त्यांच्या शैलीचा दोष वाटतो. परंतु एका मुलीच्या मृत्यूवरून सुरू झालेल्या वादात हास्य शेवटपर्यंत टिकले असते तर तोच दोष ठरला असता.

हास्याला न दिसलेले

तरीही या उपरोधाला एक मर्यादा आहे आणि ती मान्य केल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. विरोधकांच्या समूहात सर्वांचा युक्तिवाद एक नव्हता. टिळकांनी १८९० मध्ये सुधारकांपुढे प्रतिज्ञेची योजना ठेवली होती: मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी आणि मुलाचे वीस वर्षांपूर्वी करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने पुन्हा लग्न करू नये, केलेच तर विधवेशी करावे, आणि या अटी प्रथम सुधारकांनी स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात. सरकारने मागितलेल्या बारा वर्षांपेक्षा ही मर्यादा कितीतरी पुढची होती. ही योजना वाद टाळण्याची युक्ती होती की प्रामाणिक पर्याय, याविषयी मतभेद होऊ शकतो. शास्त्रार्थाच्या प्रांगणात टिळकांनी घेतलेली भूमिका पाहता पहिला तर्क अधिक संभवनीय दिसतो. परंतु परकीय सरकारला घराच्या उंबरठ्याच्या आत कायदा करू द्यावा का, हा त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आगरकर १८९५ मध्ये निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांतच, १८९७ च्या प्लेगात, गोऱ्या सैनिकांनी पुण्यात घरे तपासली, माणसे बाहेर काढली आणि रँडच्या खुनापर्यंत प्रकरण गेले. रोग खरा होता, अलगीकरणाची गरजही खरी होती. पण त्या वेळच्या संतापाला ‘सुधारक’च्या रीतीने हसणे शक्यच नव्हते. आरोग्याच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक सुधारणेचा विरोधक मूर्ख असतो, हे गृहीतक तेथे कोसळते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. या वादात हसणारे पुरुष आहेत, ज्यांना हसले जाते तेही पुरुष आहेत. ज्या मुलीच्या शरीरावरून वाद चालला आहे ती वाक्याचा विषय असते, बोलणारी कधीच नसते. स्त्रीच्या हाती उपहास आला की त्याची जात कशी बदलते हे पाहायचे असेल तर ‘सुधारक’च्याही सहा वर्षे मागे, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’कडे जावे लागते. ताराबाई युक्तिवाद पुढे नेऊन कोसळवीत नाहीत. त्या समोरच्याला तोंडावर विचारतात. त्यांच्या भाषेत घरातील बोलणे आहे, टोमणा आहे, भांडणाचा जोर आहे. आगरकरांच्या लेखनात नसलेली एक गोष्ट तेथे आहे, ती म्हणजे सोसणाऱ्याचा अधिकार. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने लिहिलेल्या पत्रांतही तो आहे, जरी तेथे सूर संयत आहे. बालपणी लागलेले लग्न नाकारून न्यायालयात उभी राहिलेली ही स्त्री पुढे लंडनहून डॉक्टर होऊन आली, ही घटना त्या काळच्या कोणत्याही उपरोधापेक्षा विरोधकांना अधिक झोंबणारी होती.

पुढची वाट

आगरकरांनंतर हे हास्य दोन दिशांनी गेले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ने १८९९ मध्ये म्हाताऱ्या नवरदेवाला रंगभूमीवर आणून जे साधले ते अग्रलेखांना साधले नव्हते. प्रेक्षक भुजंगनाथाला हसला आणि हसताना आपल्याच गावातील एखाद्या भुजंगनाथाला ओळखू लागला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या तोंडून रूढीची भाबडी बाजू मांडली. हा विनोद अधिक कलात्मक आहे, यात शंका नाही. परंतु त्यात चीड विरून गेली आहे आणि तिच्याबरोबर काही प्रमाणात निकडही.

निकड पुन्हा आली ती र. धों. कर्वे यांच्या लेखनात. संततिनियमनाचा प्रचार करण्यासाठी त्यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ पर्यंत एकहाती चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. ‘शारदेची पत्रे’ या सदरातील उपरोध आगरकरांपेक्षा कोरडा आहे. कर्वे विरोधकाला मोठेपणा देत नाहीत आणि त्याच्यासाठी शोकही करीत नाहीत. ते त्याचे म्हणणे फक्त गणिताच्या प्राध्यापकाप्रमाणे तपासतात. आगरकरांचे वाक्य जेथे लांबते तेथे कर्व्यांचे तुटते. आरोग्याचा प्रश्न आरोग्याच्याच भाषेत मांडणारा पहिला मराठी उपरोधकार म्हणून त्यांचे स्थान आगरकरांच्या बरोबरीने मानले पाहिजे. त्यांचा विनोद लोकप्रिय झाला नाही, याचे कारण त्याच्या उणिवेत नसून वाचकाच्या भीतीत शोधावे लागते.

बीडमधून वाचताना

१८९१ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे पुण्यातील गदारोळ, त्यावरील ‘सुधारक’चे हसू आणि खुद्द कायदाही या जिल्ह्याच्या वेशीबाहेर थांबला. आज हा वाद बीडच्या महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गात शिकवला जातो तेव्हा विद्यार्थ्यांना गर्भाधानासाठी भरलेल्या सभा हास्यास्पद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याच जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी आकडेवारी आली तीनुसार पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, आजार अंगावर काढून फडात काम आणि शेवटी शस्त्रक्रिया, अशी ही साखळी आहे.

येथे कोणी सभा भरवीत नाही. प्रेतयात्रा निघत नाही, शास्त्रार्थ होत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला या जिल्ह्यात उघड विरोध करणारा मनुष्य शोधून सापडणार नाही. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे कारखान्यांकडे निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि वयात आलेल्या मुलीला मागे एकटी कोठे ठेवायची हा आईबापांचा प्रश्न असतो. उचलीच्या हिशेबात लग्न बसते. आगरकरांच्या उपरोधाला ओरडणारा प्रतिपक्ष लागतो. शिकलेला, ढोंगी, सभामंडपात उभा असलेला. कर्व्यांनाही निदान फिर्यादी लागतो. न बोलता लग्न लावून देणारा बाप हा दोघांच्याही गद्यात कोठेच नाही, आणि त्याला हसले तर ते हसू चिपळूणकरांच्या जातीचे होईल.

म्हणून या प्रश्नावरील मराठी लेखनाने आपले पात्र निराळे शोधले पाहिजे. कोयत्याचा हिशेब लिहिणारी वही, उचलीवर टेकलेला कारखान्याचा हंगाम, तिशीतील बाईला कर्करोगाचे भय घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणारा व्यवसाय या सर्वांत आगरकरांच्या अनिष्टापत्तीला पुरेल एवढा तर्क आणि कर्व्यांच्या गणिताला पुरतील एवढे आकडे आहेत. ताराबाईंच्या रीतीने तोंडावर विचारणारा आवाज मात्र फडातूनच यावा लागेल.