दाराबाहेरचा ट्रॉम्बोन : ‘सैराट’च्या संगीताच्या निमित्ताने

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे अलीकडच्या काळात क्वचितच एखाद्या चित्रपटावर लिहिले गेले असेल. जातीविषयी लिहिले गेले, प्रेमाविषयी लिहिले गेले, तिकीटविक्रीच्या आकड्यांविषयी तर फारच लिहिले गेले. अजय-अतुल यांच्या संगीताचीही वाखाणणी झाली. परंतु ती बहुतांशी ‘झिंगाट’वर नाचणाऱ्या पायांनी केलेली वाखाणणी होती. त्या संगीतातील पितळी वाद्यांकडे, आणि त्यातही ट्रॉम्बोन या वाद्याकडे, उजनीच्या काठावर उभे राहून पाहावे, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. वाद्य शिकणे म्हणजे काय आणि शिकणारा वादक म्हणून वाढतो तो कशाच्या बळावर, या प्रश्नाची तड लावण्यास हा चित्रपट आम्हांस फार उपयोगी पडला.

उजनीच्या काठावरून पाहायचे, याला कारण आहे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या यशवंतसागराने करमाळा, इंदापूर या तालुक्यांतील कित्येक गावांच्या जुन्या जागा पोटात घेतल्या. पाणी फार आटले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ अजूनही वर येते आणि लोक ते पाहण्यास जातात. काठावर ऊस आला, पाण्यात मासेमारी आली. मंजुळे मूळचे याच करमाळा तालुक्यातील जेऊरचे. ‘सैराट’चे चित्रीकरण बरेचसे याच तालुक्यात झाले आणि त्याचा नायक परश्या हा मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा आहे. म्हणजे गोष्ट येथली, माणसे येथली, बोलीही येथली. फक्त तिचा पितळी सूर दूरवरून आला. या चित्रपटासाठी मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे झाले, आणि भारतीय चित्रपटाच्या बाबतीत असे प्रथमच घडत असल्याचे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. जेऊरच्या विहिरीचे दृश्य आणि हॉलिवूडचे वादक यांची ही गाठ कौतुकाची आहेच. परंतु त्याच काठावर दर लग्नसराईत पितळी वाद्ये गळ्यात अडकवून उन्हात उभी राहणारी मुलेही आहेत. त्यांच्याशी या संगीताचे नाते काय, हे मात्र कोणी विचारले नाही.

आम्हांस तो प्रश्न पडला तो एका मुलामुळे. काठच्या एका गावातील आमच्या एका कुटुंबात लग्न होते. वरात बँडसह देवळापर्यंत आली आणि प्रथेप्रमाणे बँड फाटकाबाहेर थांबला. मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा ट्रॉम्बोन घेतलेला सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, “फादर, तुमच्या त्या वहीत सूर लिवलेलं असत्यात म्हनं. मला वाचाय शिकिवता का?” सेमिनरीत असताना गायनवृंदासाठी आम्ही स्वरलेखन शिकलो होतो, त्याचा उपयोग लग्नाच्या फाटकावर होईल, असे कधी वाटले नव्हते. आम्ही होकार दिला. पुढे काही महिने, सुपारी नसेल त्या संध्याकाळी, तो येत असे. त्याला आम्ही किती शिकविले हे सांगणे अवघड आहे. आम्ही मात्र बरेच शिकलो.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ट्रंपेटला दाबावयाच्या कळा असतात. ट्रॉम्बोनला त्या नसतात. त्याची नळी, उलगडली तर सुमारे नऊ फूट लांब. तिचा एक भाग पुढे-मागे सरकतो आणि नळीची लांबी बदलली की सूर बदलतो. या सरकत्या नळीच्या सात जागा मानल्या आहेत. पहिल्या जागेपासून सातव्या जागेपर्यंतचे अंतर सुमारे दोन फूट, म्हणून लहान मुलाचा हात सातव्या जागेला पोहोचत नाही. परंतु नळीवर त्या सात जागांची खूण कोठेही केलेली नसते. बोटभर इकडे-तिकडे झाले की सूर खोटा पडतो. शिवाय एकाच जागेवर ओठांच्या ताणाप्रमाणे अनेक सूर निघतात. त्यांतला कोणता हवा हे फुंकण्याच्या आधी मनात ऐकू यावे लागते. थोडक्यात, या वाद्यावर हात कानाच्या मागे चालतो. त्याचमुळे या वाद्यावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. पाश्चात्त्य संगीतात ही घसरण पुष्कळदा विनोदासाठी वा जॅझच्या रंगासाठी वापरली गेली. आपल्या गायकांनी तिला मींड म्हणून मानाचे स्थान दिले. पितळी वाद्यांत गळ्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे वाद्य आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या विद्यार्थ्याला सातही जागा येत होत्या. त्या सात आहेत हे मात्र ठाऊक नव्हते. पथकातल्या थोरल्या वादकाशेजारी उभे राहून, त्याचा हात पाहून, चुकले की डोळ्यांचा धाक सोसून तो शिकला होता. क्लॅरिनेटवाला गाण्याची ओळ वाजवितो आणि मधल्या जागा याने भरायच्या. एवढ्या शिदोरीवर त्याला शे-दीडशे गाणी पाठ होती. स्वरलेखन त्याने झटकन उचलले. अडचण आली ती आम्हांस अनपेक्षित अशा ठिकाणी. आम्ही त्याला एकच सूर आठ मात्रा हळू धरावयास सांगितला. त्याला तो धरता येईना. जोरात धरता येत होता, हळू म्हणताच सूर थरथरे आणि तुटे. मग तो ओशाळून म्हणाला, “हळू वाजवा आसं आमाला कुनी म्हनलंच न्हाई कधी.”

या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. बँडवाल्याकडून समाजाने आवाज मागितला. मोकळ्या रस्त्यावर, फटाक्यांत, आणि गेल्या काही वर्षांत डीजेच्या भिंतीसमोर, त्याला ऐकू जाईल इतके मोठे वाजवावे लागले. वादकाची वाढ मात्र हलक्या सुरात होते. दीर्घ श्वास, ओठांवरचा ताबा, सुराचा आरंभ आणि शेवट या गोष्टी हळू वाजविल्यावाचून येत नाहीत. ट्रॉम्बोन शिकणारा जगात कोठेही असो, त्याचा दिवस लांब, संथ सुरांच्या सरावाने सुरू होतो. ज्याला हळू वाजविण्याची संधीच दिली नाही, त्याला कलावंत होण्याचा रस्ताच आपण बंद केला, असे म्हणणे भाग आहे.

आता ‘सैराट’कडे वळू. एके दिवशी आम्ही त्या मुलाला ‘याड लागलं’ हे गीत नीट बसून, डोळे मिटून ऐकावयास सांगितले. गाणे त्याने शेकडो वेळा वाजविले होते. असे बसून कधी ऐकले नव्हते. तंतुवाद्यांचा ओघ सुरू होतो आणि त्याखाली पितळी वाद्ये जमिनीसारखी पसरतात. ती ओरडत नाहीत. नायक धावत सुटतो, त्याच्या जिवाची उलघाल होते, आणि तिला आधार देण्यासाठी ती खालून उभी राहतात. ऐकता ऐकता त्याचा उजवा हात नकळत पुढे-मागे होऊ लागला. “फादर, ह्ये खालचं आमचंच हाय का?” त्याने विचारले. त्याचेच वाद्य होते. केवळ ते हळू वाजत असल्याने त्याला ओळखू आले नव्हते.

अजय-अतुल यांच्या कामगिरीचे मर्म आमच्या मते येथे आहे. मासेमाराच्या पोराच्या ओढीला त्यांनी तो भव्य वाद्यवृंद दिला, जो इतर ठिकाणी राजेरजवाड्यांच्या वा वीरांच्या कथांना मिळतो. काही समीक्षकांना हा थाट ग्रामीण विषयास विसंगत वाटेल. आम्हांस तो विसंगत वाटत नाही. गरिबाच्या भावनेला लहान वाद्यच शोभते, असा कोठे नियम आहे? आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या दोघा बंधूंना घरातून संगीताचा वारसा नव्हता आणि रीतसर शिक्षणही नव्हते. ऐकून ऐकून ते घडले. म्हणजे ज्या कानाच्या बळावर बँडमधला पोर शिकतो, त्याच कानाच्या बळावर हा वाद्यवृंद रचला गेला.

दुसरा गुण याहून मोठा आहे. चित्रपटाच्या अखेरीस, जेथे कोणताही सामान्य संगीतकार करुण सुरांचा पूर सोडेल, तेथे संगीत नाही. लहान मूल रक्ताळलेली पावले उमटवीत जाते आणि आवाज पूर्णपणे थांबलेला असतो. वाद्ये हाती असूनही न वाजविणे ही वादकाच्या शिक्षणाची शेवटची पायरी होय. एवढा मोठा वाद्यवृंद जमविणाऱ्यांनी ती गाठली, हे आम्ही या संगीताचे सर्वांत मोठे यश समजतो.

परंतु समीक्षकाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘झिंगाट’ची ऊर्जा नाकारता येत नाही, तरी त्यात ताल सर्वांना गिळून टाकतो. परिणामी ते डीजेच्या भिंतीवर सर्वांत सोयीने वाजणारे गीत ठरले. आमच्या विद्यार्थ्याच्या पथकाच्या सुपाऱ्या ज्या यंत्राने हिरावल्या, त्या यंत्रावर बहुतेक हेच गीत वाजत असते. हा दोष संगीतकारांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. सातासमुद्रापलीकडचे पितळी सूर आले आणि आम्हांला ते अभिमानाचे वाटले. आपल्या वेशीतले पितळी सूर मात्र आम्ही विकत घेतले, नाचून झाल्यावर विसरलो. कॅलिफोर्नियातील वादक कागद वाचून पहिल्याच बैठकीत अचूक वाजवितो, कारण त्याला शाळा मिळाली, शिक्षक मिळाला, शांत खोली मिळाली. यांतले उजनीच्या काठी काय आहे?

हे आपल्याकडे होऊच शकत नाही, असे कोणी म्हणू नये. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुले स्वरलेखन वाचावयास शिकली आणि तेथूनच मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद भरले. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावे आमच्या वाचकांना परकी नाहीत. ग्रेगरी बूथ यांनी ‘ब्रास बाजा’ (२००५) या ग्रंथात लग्नाच्या बँडवाल्यांची आणि ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) मध्ये मुंबईच्या चित्रपटवादकांची हकिकत लिहिली आहे. दोन्ही एकापाठोपाठ वाचली म्हणजे ध्यानात येते की, दोन्ही जगांत वाद्ये पुष्कळशी तीच आहेत. फरक पडला तो कोणाला दाराच्या आत घेतले यावरून.

दाराचा विषय निघाला म्हणून स्वतःच्या घराकडेही पाहू. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जे आदेश काढले, त्यांत देवळात बँड वाजविण्यास मनाई होती. बाहेरच्या मिरवणुकीत मात्र धर्माध्यक्षांच्या अनुमतीने तो चाले. वस्तुतः ऑस्ट्रियाच्या कॅथलिक देवळांत ट्रॉम्बोन गायनवृंदाच्या आवाजांना साथ करीत आलेला. मोझार्टने १७९१ साली मृतांसाठीच्या मिस्सेचे संगीत रचताना अखेरच्या न्यायाच्या तुतारीचे काम त्यालाच दिले. बेथोव्हेनने १८१२ मध्ये लिंझ येथे सर्व मृतांच्या स्मरणदिनासाठी चार ट्रॉम्बोनच्या संथ रचना केल्या. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेस साजेशा अन्य वाद्यांनाही वाट मोकळी केली. तरी आमच्या फाटकावर बँड थांबतच राहिला. नियम गेला होता. सवय गेली नव्हती. ती सवय आमचीही होती, हे कबूल करतो.

या सवयीमागे जातीची सावली आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. हलगी, डफ, सनई ही मातंग, होलार अशा समाजांकडे जन्माने आलेली कामे. वाजवायचे मंडपासाठी आणि थांबायचे मंडपाबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत गावकीची कामे सोडताना पुष्कळांनी वाद्येही खाली ठेवली. ते पाऊल स्वाभिमानाचे होते. आपल्याही अनेक कुटुंबांच्या आजोबांनी हेच केले, आणि म्हणून मुलाने बँडमध्ये जाऊ नये असे आईला वाटते. तिचे चुकत नाही. मात्र ज्या दिवशी वाजविणाऱ्याला खुर्ची, कागद आणि ऐकणारा कान मिळेल, त्या दिवशी तेच वाद्य जोखड राहणार नाही.

गेल्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत त्या मुलाने एक साधे गीत वाजविले. साथीला कोणी नव्हते. शेवटचा सूर त्याने आठ मात्रा हळू धरला. पाचव्या मात्रेला तो किंचित हलला, पण तुटला नाही. एक वृद्ध बाई नंतर त्याला म्हणाल्या, “बाळा, येवढं बारीक वाजतंय व्हय हे?” लग्नसराई आली की तो पुन्हा रस्त्यावर असेल, आणि पथक किती दिवस टिकेल हे त्यालाही सांगता येत नाही.

वाचकहो, ‘सैराट’ पुन्हा पाहाल तेव्हा त्याच्या खालच्या सुरांकडे कान द्या. आणि पुढच्या लग्नात बँड बोलावाल तेव्हा वरात आटोपल्यावर त्या मुलांना मंडपात बोलवा, खुर्च्या द्या, डीजे बंद ठेवा, आणि त्यांना आवडते असे एक गाणे हळू वाजवावयास सांगा. पहिल्यांदा ते कदाचित जमणार नाही. आपण बसून ऐकावे.