‘कोर्टा’तला शाहीर

शाहिराचा चित्रपट म्हटला की आपल्यापुढे काय काय उभे राहते! डफावरची थाप, झिलकऱ्यांची ‘जी जी’, फेट्याचा तुरा आणि समोर डोलणारी सभा. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ने ही वाट पाडली. जयराम शिलेदारांचा तो रामजोशी तमाशाच्या नादापायी जातीतून उठला, हालअपेष्टांत सापडला. पण त्याच्या ओठावरचे गाणे काही कोणी काढून घेतले नाही. दुःख झाले की पद, सुख झाले की लावणी! प्रेक्षक डोळे पुशीत, पण कान तृप्त करून घरी जात.

चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) शाहीर आहे, पण ही चैन नाही. नारायण कांबळे हा मुंबईतला पासष्टीचा लोकशाहीर. पोटासाठी तो शिकवण्या घेतो. पहिल्याच दृश्यात तो मुलांत बसलेला दिसतो. शिकवणी संपवून तो बसने जातो, मंचावर चढतो आणि गाणे रंगात येते न येते तोच पोलीस येऊन त्याला उचलतात. पुढे जामिनावर सुटल्यावर तो एकदा गातो. बस्स! बाकी सारा वेळ शाहीर मुका, आणि त्याच्या गाण्यावर इतर लोक बोलत राहतात.

आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. म्हणजे गाणे हेच आत्महत्येला प्रवृत्त करणारे हत्यार! असले गाणे कधी म्हटले होते का, ह्या प्रश्नाला कांबळे उत्तर देतो, “अजून नाही.” प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. पण ज्या शाहिराला त्याच्या कवनाचा जाब आरोपीच्या पिंजऱ्यात द्यावा लागतो, त्याच्यापाशी दुसरे उत्तर तरी कोणते असणार?

चित्रपटाचा खरा गाभा मात्र पवारच्या विधवेच्या साक्षीत आहे. नवरा गटारात उतरण्याआधी झुरळ वर येते का ते पाही. आले तर आत हवा आहे असे समजायचे. घाण सोसवेना म्हणून तो पिऊनच उतरे. त्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. ही बाई आवाज चढवीत नाही, रडत नाही. भूमिका करणाऱ्या उषा बाणे ह्यांचे यजमान स्वतः ह्याच कामात गेलेले. पुढे वकील तिला पैसे देऊ करतो, तर ती विचारते, काही काम असेल तर सांगा. मला विचाराल तर सगळ्या पोवाड्यांनी मिळून जे सांगायचे, ते ह्या बाईने दोन वाक्यांत सांगितले आहे.

गंमत अशी की कोर्टातला एकही माणूस दुष्ट नाही. सरकारी वकीलबाई (गीतांजली कुलकर्णी) संध्याकाळी मुलाला घेऊन घरी जातात, मधुमेही नवऱ्याचे पथ्य सांभाळीत स्वयंपाक करतात, सुटीत सहकुटुंब नाटकाला जातात. अगदी आपल्या शेजारच्या वहिनी! आणि त्याच वहिनी सकाळी जुनी कलमे घडघड वाचून एका म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवू पाहतात. बचावाचे वकील व्होरा सज्जन, सुखवस्तू. न्यायमूर्ती सदावर्ते कायद्याला धरून, पण बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचे प्रकरण त्या दिवशी चालवीत नाहीत. कॅमेरा एका जागी बसून हे सारे पाहतो, एखाद्या कंटाळलेल्या पक्षकारासारखा. पहिली वीस मिनिटे घरच्या मंडळींना ह्या संथपणाचा त्रास होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी तक्रार निराळीच आहे. वकील, वकीलबाई आणि न्यायाधीश, तिघांच्याही मागे आपण कोर्टाबाहेर त्यांच्या संसारात जातो. शाहिराच्या मागे तसे कोणी जात नाही. त्याचे पान कोण वाढते, तो गाणे लिहितो कधी, दोन तारखांच्या मधल्या काळात तो काय खातो, हे काहीच कळत नाही. दिग्दर्शकाने हे हेतुतः केले असेल. कोर्टाच्या लेखी आरोपी म्हणजे एक क्रमांक, हे त्याला दाखवायचे असेल. तरी जो माणूस इतका सोसतो त्याच्या घरचा एक दिवा दिसायला हवा होता. ती उणीव थोडीफार भरून काढली आहे ती वीरा साथीदार ह्यांच्या चेहऱ्याने आणि संभाजी भगत ह्यांच्या गाण्यांनी. साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’चे संपादक, नट नव्हेत. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. गाताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठतात, त्या कोणत्याही नाट्यशाळेत शिकवता येण्यासारख्या नाहीत.

व्हेनिसला दोन पारितोषिके आणि आपल्याकडे सुवर्णकमळ मिळूनही शेवटाबद्दल पुष्कळांची कुरकुर आहे. शाहिराला छापखान्यातून पुन्हा पकडतात, उन्हाळ्याची सुटी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून मालवतात. येथेच संपले असते तर बरे, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पुढे न्यायमूर्ती सहलीला जातात, बाकावर डुलकी घेतात, पोरे ओरडून त्यांना उठवतात. तेव्हा ते हाताला लागेल त्या पोराच्या थोबाडीत ठेवून देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ओरडले सगळे, मार बसला एकालाच. वर्गात मास्तरकी करणाऱ्याला हे दृश्य अनोळखी वाटायचे नाही.