भयकथा : खानदेशातील परंपरा व मराठी आविष्कार

अमानवी शक्ती, मृतात्मे, शाप, चेटूक किंवा मनुष्याच्या ठिकाणची अनाकलनीय क्रूरता यांच्या द्वारा वाचकाच्या वा प्रेक्षकाच्या मनात भीती जागविणे हा जिचा प्रधान हेतू असतो, त्या कथेस भयकथा असे म्हणतात. रहस्यकथेत अखेरीस उलगडा अपेक्षित असतो आणि गूढकथेत तो बहुधा अपुरा ठेवला जातो. भयकथेत मात्र उलगड्यापेक्षा भीतीच्या अनुभवालाच महत्त्व असते. पाश्चात्त्य साहित्यात या प्रकाराचे मूळ गॉथिक कादंबरीत आहे. हॉरिस वॉल्पोल यांची द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४) ही तीतील आद्य कृती मानली जाते. मेरी शेली यांची फ्रँकेन्स्टाइन (१८१८) व ब्रॅम स्टोकर यांची ड्रॅक्युला (१८९७) या तिच्या पुढील विकासाच्या खुणा होत. पडका किल्ला, बंद दालन आणि भुयार ही गॉथिकची बाह्य सामग्री झाली. तिचा गाभा म्हणजे दडविलेला अपराध आणि त्याची पुढील पिढ्यांना भोगावी लागणारी फळे. भूत हे त्या अपराधाचे साक्षीदार आहे की तेच अपराधी आहे, या प्रश्नाच्या उत्तरावर भयकथेचे नैतिक स्वरूप ठरते. जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात हा प्रश्न केवळ वाङ्‌मयीन राहत नाही.

प्राचीन परंपरा : भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा स्वतंत्र रस असून भय हा त्याचा स्थायी भाव आहे. भवभूतीच्या मालतीमाधव नाटकाच्या पाचव्या अंकातील स्मशानाचा देखावा आणि चामुंडेपुढे मालतीचा बळी देण्याचा अघोरघंटाचा बेत हे भयानक व बीभत्स या रसांच्या संगमाचे प्रसिद्ध उदाहरण होय. चित्रकलेतील तितकेच समर्थ उदाहरण खानदेशच्या दक्षिण सीमेवर, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आहे. पाचव्या शतकातील हे लेणे वाकाटक सम्राट हरिषेण याच्या एका मांडलिकाने खोदविले. त्याच्या घराण्याचे राज्य ज्या ऋषीक देशात होते, तो देश म्हणजे खानदेश असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. या लेण्यातील सिंहलावदानाचा चित्रपट हा एका अर्थी सलग भयकथाच आहे. बेटावर फुटलेल्या जहाजातील व्यापाऱ्यांना सुंदर स्त्रिया आश्रय देतात; त्या वास्तविक नरभक्षक राक्षसी असतात. निसटलेल्या सिंहलाचा पाठलाग करीत एक राक्षसी मूल कडेवर घेऊन राजसभेत येते आणि आपण त्याची टाकलेली पत्नी असल्याचे सांगते. राजा सिंहलावर विश्वास न ठेवता तिला अंतःपुरात घेतो; रात्री ती आपल्या साथिणींना बोलावते आणि राजवाडा वधस्थान होतो. सुरक्षित घरातच संकटाला प्रवेश देण्याची ही रचना आधुनिक भयपटांनाही परिचित आहे. तथापि तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. टाकलेल्या स्त्रीची फिर्याद खरी असण्याची शक्यता या कथेच्या चौकटीत उरतच नाही. तिचे रूप, तिचे अश्रू आणि तिचे मूल हे सर्व तिच्या राक्षसीपणाचेच पुरावे ठरतात.

लोकसमजूत : खानदेशच्या लोकजीवनात अमानवी शक्तींचे दोन ढोबळ वर्ग दिसतात. पहिला वर्ग आराधनेने शांत होणाऱ्यांचा. मुंज झाल्यावर व विवाहापूर्वी मृत्यू पावलेल्या मुलाचा मुंजा होतो व तो पिंपळावर राहतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. परंतु खानदेशात त्याचा मुंजोबा होऊन तो नवसाला पावणारा देव बनला आहे. यावल तालुक्यातील अट्रावल येथे त्याची यात्रा भरते. अकाली मृत्यूचे भय येथे नात्यात रूपांतरित झाले आहे. याउलट, आदित्य सरपोतदार यांच्या मुंज्या (२०२४) या हिंदी चित्रपटात कोकणच्या पार्श्वभूमीवर हाच मुंजा अतृप्त वासनेने पछाडणारा झाला आहे. दुसरा वर्ग डाकिणीचा. मुंजा मेल्यानंतर होतो. डाकीण ठरविली जाते ती जिवंत स्त्री. सातपुड्याच्या परिसरात आजारपण, गुरांचे मरण वा मुलाचा मृत्यू यांचे खापर एखाद्या स्त्रीवर फोडण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटिअरमध्येही (१८८०) भिल्लांच्या चेटूकविषयक समजुतींची नोंद आहे. अशा समजुती एकाच समाजापुरत्या नाहीत. यूरोपातही पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकीण ठरवून हजारो स्त्रियांना देहान्त शासन झाले. आरोपामागे पुष्कळदा जमिनीचा वा वारशाचा तंटा असतो. आरोपित स्त्री गप्प राहिली तर ती दोषी, आणि बोलली तरीही दोषी, हे त्यामागील तर्कशास्त्र सिंहलावदानातील राजसभेच्या प्रसंगाशी जुळणारे आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने एखाद्या व्यक्तीवर चेटकाचा आरोप ठेवून तिचा छळ करणे हा गुन्हा ठरविला.

मराठी साहित्य : लळिंगचा किल्ला, थाळनेर येथील फारुकी सुलतानांच्या कबरी यांसारखी गॉथिकला पोषक अशी सामग्री खानदेशात विपुल आहे. पण मराठीत भग्न वास्तूंवर ऐतिहासिक कादंबरीने आणि इतिहाससंशोधनाने हक्क सांगितला. भयकथेने मुख्यतः कोकणातील वाडा आणि शहरी मध्यमवर्गीय घर यांचा आश्रय घेतला. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. परिचित घरगुती तपशिलांतून हळूहळू भीती वाढवीत नेण्याचे त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. स्टीव्हन किंग यांच्या सेलम्स लॉटवर आधारलेल्या लुचाई या कादंबरीत संकट बाहेरून येते व गावाला ग्रासते. त्यांच्या अनेक कथांचा नायक समर्थ हा मंत्रसामर्थ्याने अशा दुष्ट शक्तींचा पाडाव करतो. या रचनेत समाज बहुधा निर्दोष राहतो. दुष्टता ओळखणारा जाणता पुरुष चुकत नाही. कथेत हे समाधानकारक वाटते. परंतु प्रत्यक्षात डाकीण ओळखणाऱ्याचा अधिकारही याच विश्वासावर उभा असतो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी खेकडा (१९७०) व पुढील संग्रहांतून गूढकथेला वेगळे वळण दिले. त्यांच्या उत्कृष्ट कथांत भयाचे उगमस्थान माणसाचे मन, त्याचा अपराधगंड आणि जवळच्या नात्यांतील क्रौर्य हे असते. समाजाच्या निर्दोषपणाचे गृहीत त्यामुळे ढासळते.

चित्रपट : बिमल रॉय यांच्या मधुमती (१९५८) या हिंदी चित्रपटात मृत स्त्री आपल्यावरील अत्याचाराची साक्षीदार म्हणून परतते आणि अपराधी जमीनदाराचा पाडाव होतो. भूत साक्षीदार असल्याचा हा ठळक दाखला होय. राही अनिल बर्वे यांचा तुंबाड (२०१८) हा हिंदी चित्रपट धारपांच्या कथेपासून स्फुरलेला असून त्यातील शापित वृद्धा ही घराण्याच्या धनलोभाची परिणती आहे. तिच्याहून भयंकर ठरतो तो पिढ्यान्‌पिढ्या चालणारा लोभ. विशाल फुरिया यांच्या लपाछपी (२०१७) या मराठी चित्रपटात उसाच्या शेताने वेढलेले एकाकी घर गॉथिक वाड्याची जागा घेते. गर्भवती नायिकेला प्रारंभी जी भुते घातक भासतात, ती मुलीच्या जन्माच्या द्वेषातून झालेल्या हत्यांची बळी ठरतात, आणि खरा धोका माया करणाऱ्या जिवंत माणसांकडून येतो. अजिंठ्यातील कथेची दिशा येथे उलटली आहे : तेथे प्रेमळ रूपाआड राक्षसी होती, येथे राक्षसी मानलेल्या रूपाआड अन्यायग्रस्त स्त्री आहे.

मूल्यमापन : भयकथेने अंधश्रद्धा वाढते असा सरसकट आक्षेप घेतला जातो. तो ग्राह्य धरल्यास मालतीमाधव व अजिंठ्याची चित्रेही त्याज्य ठरतील. कल्पित भय स्वेच्छेने अनुभवणारा रसिक त्यावर विश्वास ठेवतोच असे नाही. तरीही हा प्रकार सर्वस्वी निरुपद्रवी आहे, असेही म्हणता येत नाही. विद्रूप, एकाकी वा वृद्ध स्त्री पाहताच प्रेक्षकाने घाबरावे, असा संकेत जो चित्रपट कोणत्याही चिकित्सेविना वापरतो, तो आरोप करणाऱ्या गर्दीचीच दृष्टी उसनी घेतो. शहरातील प्रेक्षकाला हा संकेत करमणुकीचा वाटला, तरी सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणून भयकथेची कसोटी भुताच्या असण्या-नसण्यावर नसून, भीती कोणाविषयी उत्पन्न केली जाते यावर आहे. मुंजाला देवत्व देऊन भयाशी नाते जोडणारा आणि त्याच वेळी जिवंत स्त्रीला डाकीण ठरविणारा खानदेश या दोन्ही शक्यता एकत्र दाखवितो. या प्रदेशातील भयाचे खरे गॉथिक लेखन करू पाहणाऱ्यास पडक्या किल्ल्याची गरज नाही. दडविलेला अपराध त्याला आरोपित स्त्रीच्या घरात नव्हे, तर तिच्याविरुद्ध जमलेल्या गर्दीत शोधावा लागेल.