‘आपल्यासारखे उद्योग’ : लाचखोरीविषयक उद्योग-सर्वेक्षणांच्या प्रश्नावलीची चिकित्सा

वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांकडे सादर होणाऱ्या लघुप्रबंधांत लघुउद्योगांच्या समस्यांवरील प्रकरण ठरलेले असते आणि त्या प्रकरणात एक प्रश्नही ठरलेला असतो : ‘परवाना अथवा जोडणी मिळविताना गैरव्यवहाराचा अनुभव आला काय? होय / नाही.’ कोष्टकात ‘नाही’चा रकाना भरून वाहतो आणि त्याखाली ‘भ्रष्टाचार ही उद्योजकांपुढील प्रमुख समस्या नाही’ असे विधान येते. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधातही असे एक कोष्टक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ती पदवी बंद झाली. कोष्टक मात्र ग्रंथालयात सुरक्षित आहे. त्याची चिकित्सा इतर कोणी करण्यापूर्वी आपणच करावी, हाही या लेखामागील एक हेतू आहे.

त्या क्षेत्रभेटींतील एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. सोलापुरातील एका यंत्रमागधारकांनी सदर प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण केली. प्रश्नावली पिशवीत गेल्यावर चहा आला आणि पुढचा अर्धा तास ते कोणत्या कामाला किती ‘खर्च’ येतो याविषयीच बोलत होते. मी त्यांना खूण केलेल्या उत्तराची आठवण करून दिली. ते म्हणाले, “सर, आम्ही कुणाला एक पैसा देत नाही. ते सगळं आमचे एजंट बघतात.” त्या वेळी मी हे असत्य उत्तर म्हणून बाजूला ठेवले. आज तसे वाटत नाही. त्यांचे उत्तर प्रामाणिक होते आणि तरीही कोष्टकातील आकडा चुकीचा होता. भ्रष्टाचाराच्या सर्वेक्षणावरील बहुतेक लेखन उत्तरदाता खोटे बोलतो या गृहितकावर उभे आहे. आपल्याकडील अडचण त्याआधीच सुरू होते.

या क्षेत्रातील सर्वाधिक प्रचलित साधन म्हणजे जागतिक बँकेची उद्योग-सर्वेक्षणे. भारतात ती २०१४ आणि २०२२ मध्ये झाली. त्यांतील लाचेच्या प्रमाणाविषयीचा प्रश्न प्रत्यक्ष ‘तुम्ही’ असे म्हणत नाही. कामे मार्गी लावण्यासाठी अधिकाऱ्यांना भेटी वा अनौपचारिक रकमा द्याव्या लागतात असे म्हटले जाते; तर या उद्योगासारखे उद्योग वार्षिक विक्रीच्या किती टक्के रक्कम त्यासाठी देतात, असा त्याचा आशय आहे. या आडवळणामागे अनुभव आहे. युगांडामध्ये १९९८ च्या उद्योग-सर्वेक्षणात प्रश्न असाच अप्रत्यक्ष ठेवला गेला, तो मुलाखतीच्या अखेरीस विचारला गेला आणि काम उद्योजकांच्या संघटनेमार्फत झाले. त्यावर आधारित याकोब स्वेन्सन यांचा २००३ चा लेख आजही आदर्श मानला जातो. विचारणारा कोण आणि विचारतो केव्हा, याला शब्दांइतकेच महत्त्व आहे, हा त्यातील धडा आपण घेतलेला नाही. आपण केवळ प्रश्न उचलला, आणि तोही बहुधा दुसऱ्या प्रबंधातून.

‘आपल्यासारखे उद्योग’ या शब्दप्रयोगाने उत्तरदात्याला आडोसा मिळतो, परंतु आडोशामागून येणारे उत्तर अनुभवाचे की ऐकीव, हे कळण्यास मार्ग उरत नाही. एकाच गल्लीतील मागधारक एकमेकांचे व्याही, भावकीतले, निदान एकाच संघटनेचे सभासद असतात. अशा ठिकाणी ‘इतर लोक किती देतात’ हा प्रश्न शेजाऱ्याविषयीच्या मताची नोंद करतो. त्यामानाने त्याच सर्वेक्षणातील दुसरा प्रश्नगट अधिक भक्कम आहे. वीजजोडणी, पाणीजोडणी, बांधकाम परवाना, कर-तपासणी अशा एकेका कामाच्या वेळी भेट वा रक्कम मागितली गेली अथवा अपेक्षिली गेली काय, असे तेथे विचारले जाते. दिली काय, असे नव्हे. मागणाऱ्याविषयी बोलणे देणाऱ्याला तुलनेने सोपे जाते.

हा फरक २०१८ पासून आणखी महत्त्वाचा झाला आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील कलम २४ नुसार लाच देणाऱ्याने लोकसेवकाविरुद्धच्या कार्यवाहीत केलेल्या निवेदनावरून त्याच्यावर खटला भरता येत नसे. २०१८ च्या दुरुस्तीने हे संरक्षण काढून टाकले. नव्या कलम ८ नुसार लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा असून शिक्षा सात वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशी आहे. सक्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांत यंत्रणेस कळविणाऱ्याला तेवढी सूट आहे. कौशिक बसू यांनी २०११ मध्ये केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना, हक्काच्या कामासाठी द्यावी लागणारी लाच देणाऱ्यापुरती गुन्हा मानू नये, असे सुचविले होते; कायदा नेमका उलट दिशेला गेला. त्याच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे अभिप्रेत नाही. पण प्रश्नावलीच्या दृष्टीने, नावपत्ता लिहिलेल्या कागदावर ‘होय’ अशी खूण करणे म्हणजे कबुलीजबाब होय. ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ असे आपण पहिल्या पानावर छापतो. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ खाली शासनाने गोळा केलेल्या माहितीस कायद्याचे कवच आहे. महाविद्यालयीन संशोधकाच्या आश्वासनास तसे कवच नाही, आणि उद्योजकाला हे आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणूनच २०१४ आणि २०२२ च्या आकड्यांची तुलना करताना, त्यांतील किती फरक लाच घटल्यामुळे आणि किती जीभ आवरल्यामुळे, हे केवळ आकड्यांवरून सांगता येणार नाही. मध्ये २०१७ चा वस्तू व सेवा करही आहे.

यावर संख्याशास्त्राने उपाय शोधले आहेत. स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या यादृच्छिक प्रतिसाद पद्धतीची सोपी आवृत्ती अशी : उत्तरदात्याने संशोधकाला न दाखविता नाणे उडवावे, छाप पडल्यास काहीही असो ‘होय’ म्हणावे, काटा पडल्यास खरे सांगावे. कोणाचे ‘होय’ नाण्याचे आणि कोणाचे मनाचे हे कळत नाही, पण एकूण प्रमाण काढता येते. कल्पना सुंदर आहे. मात्र नाण्याने सांगितले म्हणून ‘होय’ म्हणायलाही अनेकांची जीभ रेटत नाही. ओमर अझफर आणि पीटर मरेल यांनी रुमानियातील अभ्यासात या अपयशाचाच उपयोग करून घेतला. असे सात प्रश्न विचारले तर सातही वेळा काटा पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. तेव्हा सातही प्रश्नांना ‘नाही’ म्हणणारे यापेक्षा फार अधिक निघाले, तर त्यांतील बहुतेक जण काहीतरी झाकत आहेत. व्हिएतनाममध्ये एडमंड मॅलेस्की आणि सहकाऱ्यांनी यादीची पद्धत वापरली. त्यात उद्योजकाने यादीतील किती गोष्टी केल्या एवढेच सांगायचे असते, कोणत्या ते नाही. निम्म्या उत्तरदात्यांच्या यादीत नाजूक बाब जास्तीची असते आणि दोन गटांच्या सरासरीतील फरकावरून प्रमाण निघते. पन्नास-शंभर उत्तरदात्यांच्या आपल्या नमुन्यात हा फरक योगायोगात बुडून जाईल, हे पद्धतीची नक्कल करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

अधिक गंभीर मुद्दा वेगळा आहे. मौन सर्वत्र सारखे असते तर क्रमवारीला धक्का लागला नसता. नेथन जेन्सन, क्वान ली आणि अमिनूर रहमान यांनी २०१० मध्ये दाखविले, की राजकीय दडपण अधिक असलेल्या देशांत उत्तर टाळण्याचे व खोटे देण्याचे प्रमाण अधिक असते. अर्थात, जेथे भीती अधिक तेथील आकडे अधिक स्वच्छ. आपल्या राज्याविषयीची दोन साधनेही परस्परांशी बोलत नाहीत. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल इंडियाच्या २००५ च्या अभ्यासात २० राज्यांतील १४,४०५ नागरिकांना विचारण्यात आले. केरळ सर्वांत कमी भ्रष्ट ठरले, बिहार सर्वाधिक, आणि महाराष्ट्र स्वच्छतेच्या बाजूने पाचवा आला. उलट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यांच्या संख्येत महाराष्ट्र अनेक वर्षे पहिला आहे. दुसरा आकडा भ्रष्टाचार मोजत नाही. सापळा लागण्यासाठी तक्रारदार पुढे यावा लागतो आणि विभागाने तत्परता दाखवावी लागते. मोजले जाते ते हे. तरीही दोन्ही आकडे एकाच प्रबंधात, एकाच पानावर, परस्परपूरक म्हणून उद्धृत केलेले मी वाचले आहेत.

सोलापूरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. जागतिक बँकेचे सर्वेक्षण नोंदणीकृत आणि किमान पाच कामगार असलेल्या उद्योगांपुरते आहे. पूर्वभागातील घरालगतची छोटी शेड त्यात येतच नाही. दुसरी गोष्ट भाषेची. ‘लाच’ हा वर्तमानपत्राचा आणि न्यायालयाचा शब्द आहे. ती दुसरे लोक घेतात. व्यवहारात चिरीमिरी वेगळी, खर्चपाणी वेगळे, हप्ता वेगळा, टक्केवारी वेगळी. घरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराला ‘अनौपचारिक प्रदाने’ असे विचारणारा संशोधक नेमके काय मोजतो? ‘भेटवस्तू’ म्हणावे तर दिवाळीत मिठाईच्या पुड्यासोबत गेलेली चादर कोठे धरावी, हे खुद्द चादर देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी आम्ही प्रश्नावलीत बदल करून पाहिला. ‘लाच’ हा शब्द काढला. नाव-पत्त्याचा रकाना काढला. गेल्या वर्षी झालेले एक काम निवडावयाचे आणि विचारावयाचे : या कामासाठी एजंटाला एकूण किती दिले? त्यांपैकी किती रकमेची पावती मिळाली? शासकीय शुल्क आम्ही स्वतंत्रपणे पडताळतो. उरलेल्या रकमेत एजंटाचे मानधनही असते, त्यामुळे तिला लाच म्हणता येत नाही. तो विभाग अद्याप सुटलेला नाही. मात्र ‘उत्तर दिले नाही’ आणि ‘थांबून उत्तर दिले’ हे रकाने वेगळे ठेवले असून, त्यांना ‘नाही’मध्ये मिसळण्यास मनाई आहे.

पहिल्याच आठवड्यात एका कारखानदारांनी एजंटाला दिलेली रक्कम चटकन सांगितली. पावतीचा प्रश्न येताच ते विद्यार्थिनीला म्हणाले, “ताई, वही मिटा.” तिने वही मिटली. बाहेर आल्यावर दिलेली रक्कम तिने त्यांना विचारून खोडली होती, आणि त्या रकान्यात ‘वही मिटावयास सांगितले’ एवढेच लिहिले होते.