देखरेख-सर्व्हरचे क्षमतामापन : सरासरीच्या गणिताची मर्यादा

शेकडो यंत्रांच्या स्थितीवर नजर ठेवणारा सर्व्हर किती भार पेलू शकेल, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका साध्या भागाकाराने दिले जाते. झॅबिक्स या प्रणालीच्या मार्गदर्शिकेतील उदाहरण या पद्धतीचे प्रातिनिधिक रूप मानावयास हरकत नाही. ३,००० बाबींची नोंद दर ६० सेकंदांनी घ्यावयाची असेल, तर सर्व्हरकडे दर सेकंदास ५० मूल्ये येतात. ही मूल्ये ३० दिवस जतन केल्यास त्यांची संख्या १२ कोटी ९६ लाख होते. आणि प्रत्येक मूल्यास सुमारे ९० बाइट धरल्यास ११ गिगाबाइटांच्या आसपास जागा लागते.

संग्रहाच्या दृष्टीने हे गणित निर्दोष आहे. साठा ही बेरजेची गोष्ट असल्याने तेथे सरासरी पुरेशी ठरते. मात्र ९० बाइट हा अंक त्या प्रणालीच्या संग्रहपद्धतीशी निगडित आहे, हे विसरता कामा नये. प्रोमीथिअस या प्रणालीत संक्षेपणामुळे एका नमुन्यास सरासरी एक ते दोन बाइटच लागतात. एका प्रणालीचा गुणक दुसरीस लावणे म्हणजे शेराच्या मापाने कापड मोजण्यासारखे होय.

खरा दोष याच्या पुढील पायरीवर उद्भवतो. तोच सरासरीचा अंक सर्व्हरच्या कार्यशक्तीचेही माप मानला जातो. वस्तुतः ‘सेकंदास ५० मूल्ये’ या विधानात प्रत्येक चौकशीस किती वेळ लागतो, याचा निर्देशच नाही. जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, एकाच वेळी चालू असणाऱ्या कामांची सरासरी संख्या म्हणजे आगमनाचा वेग आणि प्रत्येक कामाचा कालावधी यांचा गुणाकार. चौकशीस एक दशांश सेकंद लागत असेल, तर ५ प्रक्रिया सतत गुंतलेल्या राहतील. आता एखादा स्विच बंद पडून एकपंचमांश यंत्रे निरुत्तर झाली, असे समजा. उत्तराची वाट पाहण्याची मुदत ३ सेकंद असल्यास त्या १० चौकशा ३० प्रक्रिया अडवून धरतील. उरलेल्या ४० चौकशांना ४ प्रक्रिया लागतील. मूल्यांचा अपेक्षित वेग तोच असूनही गरज ५ वरून ३४ वर जाते.

या संकटावर उपाय योजलेले नाहीत, असे नव्हे. निरुत्तर यंत्रांसाठी झॅबिक्समध्ये स्वतंत्र प्रक्रिया असतात. २०२४ मधील ७.० या आवृत्तीत तर एकच प्रक्रिया अनेक चौकशा एकाच वेळी हाताळू शकते. तथापि या उपायांनी अडथळ्याची जागा बदलते. अंदाजातील उणीव तशीच राहते.

दुसरी उणीव राखीव शक्तीविषयी आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून विकसित केलेल्या रांगांच्या शास्त्राने हे दाखविले आहे की, प्रतीक्षा भाराच्या प्रमाणात वाढत नाही. यदृच्छया येणाऱ्या कामांच्या सर्वांत साध्या प्रतिमानात सर्व्हर ५० टक्के व्यग्र असता कामास मूळ कालावधीच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांस पाचपट, आणि ९० टक्क्यांस दहापट. भार केवळ एक अष्टमांशाने वाढला, तरी विलंब दुप्पट होतो. म्हणून ‘अजून वीस टक्के शिल्लक आहे’ हे समाधान फसवे ठरते.

देखरेखीच्या सर्व्हरची कसोटी शांत दिवशी लागत नाही. ज्या घटकेस यंत्रे बंद पडतात, त्याच घटकेस त्याचे काम वाढते, आणि सूचना वेळेवर मिळण्याचे मोलही तेव्हाच सर्वाधिक असते. सरासरीवर बेतलेला सर्व्हर नेमका त्याच वेळी मुका होण्याचा संभव असतो. यास्तव भागाकाराचा अंक हा अंदाजाचा आरंभ मानावा. यंत्रांचा मोठा गट मुद्दाम निरुत्तर करून रांग किती वाढते व किती वेळात ओसरते, हे मोजल्यावाचून कोणत्याही क्षमतेचे विधान प्रमाण मानता येणार नाही.