विद्यार्थ्यांची कविता : नाद, यमक आणि शब्द

नाताळनिमित्त किंवा शाळेच्या हस्तलिखितासाठी आपली मुले कविता लिहितात. त्यांतील भाव सहसा खोटा नसतो. यमकाच्या शोधात तो हातातून निसटतो. ‘माता’ लिहिले की पाठोपाठ ‘त्राता’ आणि ‘दाता’ यायचे. ‘चरण’ म्हटले की ‘शरण’ ठरलेलेच. कविता आईवर असते, पण भल्या पहाटे उठून वाडीतल्या केळींना पाणी देणारी आई तिच्यात कोठेच भेटत नाही.

म्हणून यमकच टाकून द्यावे काय? तसे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते ओवीत. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तीनदा जागविलेली अपेक्षा चौथ्या चरणात विसावते आणि आशय मनात ठसतो. शब्दांच्या बाबतीतही या इंग्रज धर्मगुरूने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द स्वीकारला. नाद आणि शब्द, दोन्ही त्यांनी ऐकणाऱ्याच्या कानाशी ताडून पाहिले.

आपल्या विद्यार्थ्यांत उणीव आहे ती या कानाची. ‘करतो–धरतो’, ‘आले–गेले’ ही यमके प्रत्ययाच्या जोरावर आपोआप जुळतात. त्यांतून नवे काही हाती लागत नाही. ‘वारा’ आणि ‘पसारा’ एकत्र आले, तर निदान दोन निराळ्या वस्तूंचे नाते सुचते. ‘मन’ आणि ‘क्षण’ यांतील न-णचा भेद सावध कानाला खटकतो. थोडे या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ लिहिण्यात सारखे, उच्चारात वेगळे. हे कागदावर कळत नाही. कविता मोठ्याने वाचावी लागते.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही. कविता ही प्रार्थनेची सख्खी बहीण आहे. न जाणवलेला शब्द केवळ जुळतो म्हणून लिहिण्याची सवय जडली, की तो तसाच उच्चारण्याचीही सवय जडते. मग प्रार्थनेतही ओठ हलतात आणि अंतःकरण गप्प राहते.

तेव्हा पालकांनी व शिक्षकांनी मुलाच्या कवितेला टाळी देण्यापूर्वी एकच प्रश्न प्रेमाने विचारावा : “बाळा, हा शब्द तुला सुचला, की यमकाने तुझ्याकडून लिहून घेतला?” उत्तर शोधताना एखादी ओळ खोडली गेली, तर खुशाल खोडू द्यावी. उरलेली ओळ त्याची स्वतःची असेल.